शेवटच्या बाकावरच्या अर्लीनकाकू

चार्ल्सटनच्या जुन्या बाजारामागे आमचा तबेला आहे. लूशस गिलियर्ड तिथे एकतीस वर्षं खेचराची गाडी हाकत होते आणि गाडीतल्या पर्यटकांना शहर दाखवत होते. हे काम मला त्यांनीच शिकवलं. कुठल्या हवेलीच्या विटा कुठल्या गुलामांनी भाजल्या, ते काका आधी सांगायचे. "मालकाचं नाव पाटीवर आहे, पोरी," म्हणायचे. "ते लोकांना वाचता येतं."

त्यांना मुलगी होती, हे त्यांच्या हाताखालच्या आठ वर्षांत मला कळलं नव्हतं.

गेल्या वसंतात काका चुकायला लागले. आधी एखादं साल चुकलं, मग एक वळण. तबेल्याचे मालक टॉलीसाहेब मला म्हणाले, "त्याच्या शेजारी बसत जा. शिकायला बसलेय म्हणून सांग." काकांना ते उमगलं असावं. "आठ वर्षं झाली आणि अजून शिकतेयस? डोक्यात भुसा भरलाय का?" एवढंच बोलले आणि सरकून जागा दिली.

त्याच आठवड्यात समुद्राकाठच्या भिंतीपाशी त्यांनी खेचर थांबवलं. इथे ते तोफांबद्दल बोलत. त्या दिवशी म्हणाले, "या कठड्यावरून थॉमसिना चालायची. सहा वर्षांची होती. मी हात पुढे केला की म्हणायची, बाबा, तू खाली बघू नकोस, म्हणजे मी पडणार नाही."

लोक हसले. एका बाईंनी विचारलं, "थॉमसिना कोण?"

"माझी मुलगी," म्हणाले आणि लगाम हलवला.

मग रोजच असं होऊ लागलं. चर्चपाशी ते मनोऱ्याची उंची विसरले, पण नाताळच्या गाण्यात थॉमसिनाला लागलेली उचकी त्यांना आठवली. लोकांना ते आवडायचं. पण या मुलीबद्दल मी कधी ऐकलंच नव्हतं, म्हणून मी त्यांच्या बायकोकडे गेले.

अर्लीनकाकू ओट्यापाशी भेंडी चिरत होत्या. थॉमसिनाचं नाव ऐकल्यावर सुरी थांबली.

"बावीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "रक्ताच्या आजारानं गेली. सतरा वर्षांची होती. दफन करून आलो त्या दिवशी लूशस म्हणाला, या घरात तिचं नाव घ्यायचं नाही. मी नाही घेतलं. फोटोसुद्धा नणंदेकडे देऊन टाकले." मग विचारलं, "त्याची फेरी किती वाजता असते?"

दुसऱ्या दिवशी चर्चला घालायची निळी टोपी घालून काकू आल्या आणि पर्यटकांच्या रांगेत उभ्या राहिल्या. गाडीत शेवटच्या बाकावर बसल्या. काकांनी त्यांना ओळखलं नाही. तोवर घरी ओळखायचे. पण गाडीत बसलेलं माणूस म्हणजे पाहुणा, असंच त्यांच्या डोक्यात होतं.

अर्ध्या वाटेत ते मागे वळले. "टोपीवाल्या बाई, आपण कुठल्या?"

काकू म्हणाल्या, "ओहायोच्या."

"फार लांबून आलात. मुलंबाळं?"

"एक मुलगी होती. सतरा वर्षांची असताना गेली."

काकांनी डोक्यावरची टोपी काढली. "वाईट झालं. माझी सोळाची आहे. येत्या जूनमध्ये सतराची होईल."

मी खेचराच्या कानांकडे बघत राहिले.  मागून काकूंचा आवाज आला, "काय काय आवडतं हो तिला?"

पुढचा सगळा रस्ता ते तेच सांगत होते. कोळंबी सोलायचा तिला कंटाळा, खायचा नाही. झोपेत हसते. आईवर गेलीय, हट्टी आहे. काकू ऐकत होत्या. उतरताना काकांनी त्यांना हात दिला, तसा सगळ्यांनाच देत.

काकू पाच वेळा आल्या. आमच्याकडे कुठली गाडी कुठल्या भागात जाणार, हे नगरपालिकेच्या चौकीवर, चिठ्ठी काढावी तसा चेंडू काढून ठरतं. पाचही वेळा दक्षिणेकडचाच रस्ता निघाला. थॉमसिनाच्या शाळेवरून जाणारा उत्तरेकडचा रस्ता काकूंच्या वाट्याला आला नाही.

ऑगस्टमध्ये काकांनी भर चौकात गाडी थांबवली, पोरगी शाळेतून सुटायची वेळ झाली म्हणून लोकांना उतरायला सांगितलं आणि स्वतः चालू लागले. मी लगाम धरला, पण खेचर सोडून त्यांच्या मागे जाऊ शकले नाही. पोलिसांनी त्यांना घरी पोचवलं. त्यानंतर टॉलीसाहेबांनी त्यांना गाडीवर बसू दिलं नाही.

घरी ते थॉमसिनाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. काकू त्यांना ओसरीवर खुर्चीत बसवायच्या, समोर बसून परक्यासारखं विचारायच्या, "इथं काय बघण्यासारखं आहे हो?" ते नुसते रस्त्याकडे बघत बसायचे.

जानेवारीत काका गेले. दफनानंतर चर्चच्या मागच्या खोलीत सगळे जेवत असताना काकूंनी मला कोपऱ्यात बोलावलं.

"शाळेपाशी काय सांगायचा?"

मी सांगितलं. एकदा ते कामावरून थेट तिला आणायला गेले. अंगाला खेचराचा वास. मैत्रिणींसमोर तिनं ओळख दाखवली नाही. ते पलीकडच्या फुटपाथवरून तिच्या बरोबरीनं घरापर्यंत चालत आले. दुसऱ्या दिवसापासून तबेल्यातच आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून जायचे.

"मला दोघांनीही सांगितलं नाही," काकू म्हणाल्या. "तबेल्यात रोज स्वच्छ शर्ट कशाला लागतो, म्हणून मी भांडायचे त्याच्याशी. दोन वर्षं भांडले."

मग कुणीतरी ताट घेऊन आलं, म्हणून त्या उठल्या.