बाहेरून आलेली ओळ

धुळ्यातल्या ज्या कंपनीत मी कामाला होते, तिच्या मालकाला स्वतःच्या अकलेचा भारी माज. आमचं काम गिऱ्हाइकांच्या वेबसाइट सांभाळायचं. कुणाची चालू, कुणाची बंद, हे एका पानावर दिसायचं. कुठलाही सर्व्हर उत्तर देताना आधी स्वतःबद्दलच्या काही ओळी पाठवतो, त्यांना हेडर म्हणतात. आमच्या पानावर त्या आल्या तशाच छापल्या जायच्या. निवडणं नाही, पाखडणं नाही. त्यात कुणी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा कोड, घुसवली, तर ती मालकाच्याच लॉगिनवर चालणार आणि सगळ्या गिऱ्हाइकांच्या किल्ल्या चोराच्या हातात जाणार. छापण्याआधी त्यातली कोडची चिन्हं निव्वळ अक्षरं करून टाकायची, एवढाच इलाज. मी हे सांगितलं तर म्हणाला, सर्व्हर काय आपल्याला शिव्या देणार आहेत? एवढं वाटतं तर सिद्ध कर.

केलं. माझ्या सरावाच्या सर्व्हरच्या हेडरमध्ये एक निरुपद्रवी स्क्रिप्ट टाकली, तो सर्व्हर आमच्या पानाला जोडला आणि मालकाला तसं कळवलं. त्याने पान उघडलं ते नेमकं फैजपूरचा केळीचा व्यापारी समोर बसलेला असताना. मोठ्या स्क्रीनवर चौकट उघडली, 'हे बाहेरून आलं आहे.' व्यापारी खो खो हसला. मालकाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

त्याने थेट शिंदखेड्याला माझ्या वडिलांना, नानांना, फोन लावला. पोरांचं काही चुकलं की त्यांना केबिनमध्ये घेऊन झापायचा, पोरीचं चुकलं की घरचं माणूस बोलवायचा. मेल्याची रीतच होती ती. नाना इस्त्रीचा सदरा घालून आले. सगळ्या ऑफिससमोर त्यांना उभं ठेवून तो म्हणाला, "भाऊ, तुमच्या पोरीने आमची सिस्टीम हॅक केली. पोलिसात देऊ का?"

मी तोंड उघडायच्या आत नानांनी त्याला हात जोडले. मलाही माफी मागायला लावली.

वर मालकाने दुरुस्तीला मलाच बसवलं. नाना खुर्चीमागे उभे. चिन्हांची अक्षरं करणारी ओळ मी कोडमध्ये घातली. पान पुन्हा उघडलं तेव्हा चौकट आली नाही, स्क्रिप्ट साध्या अक्षरांत मुकाट पडून होती. "आता टेबल रिकामं कर," तो म्हणाला. नाना म्हणाले, मेहरबानी साहेब. मेहरबानी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

परतताना सोनगीरला नानांनी गाडी थांबवून चहा सांगितला. मी त्यांना पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं, कोण चुकलं, कोण खोटं बोललं. त्यांनी चहा संपवून कप खाली ठेवला.

"माले तठे हापिसमाच समजनं व्हतं," ते म्हणाले. "तुनंच खरं व्हतं. मंग गप का बरं नही बठनी?"

नोकरी गेल्याचंही मला इतकं लागलं नव्हतं. नानांना यातलं काही कळत नाही म्हणून ते हात जोडताहेत, असंच मी तोवर धरून चालले होते.