टाक्याआधीचा उखाणा

दिनांक ११ जानेवारी १९३९, बुधवार. जऊळक्याच्या स्टेशनावर सोजरबाईने कनवटीची गाठ सोडून पैसे पुन्हा मोजले. एकशे सदतीस रुपये सहा आणे, सगळे त्या सालच्या कापसाचे. शेजारी मुलगा जानराव आणि सहा महिन्यांची गरोदर सून पंचफुला. तिघांना मुंबई गाठायची होती.

दोन महिने पंचफुलाचे डोके दुखत होते, उलट्या थांबत नव्हत्या. गावातल्या बाया म्हणत, पोटुशीला असे व्हायचेच. पण एके सकाळी सुनेने भाकर तव्यावर न टाकता बाजूच्या निखाऱ्यात टाकली. तवा तिला नीट दिसलाच नव्हता. "पोटातलं लेकरू कोनाचे डोळे नेत नाही," सोजरबाई म्हणाली, आणि तिने सुनेला अकोल्याला दाखवले. तिथल्या डॉक्टरने मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली.

मुंबईच्या सर्जनने सरळ सांगितले. डोक्यात गाठ आहे. बाळंतपणापर्यंत थांबलो तर डोळे जातील, जीवही जाईल. आत्ता काढली तर माय आणि लेकरू दोघेही वाचण्याची आशा आहे. मात्र गाठ बोलण्याच्या जागेला चिकटलेली. म्हणून डोक्याची कातडी तेवढी बधिर करायची, बाईला जागे ठेवायचे आणि बोलते ठेवून काम करायचे. वाचा अडखळली की गाठ उरली तरी हात आवरायचा.

"बोलाची काई काळजी करू नका," सोजरबाई म्हणाली. "माह्यासंगं भांडाले लागली का ते थांबतच नाही."

"तुमचंच पाहून शिकली मी, आत्याबाई," पंचफुला म्हणाली.

ऑपरेशन सुरू झाले. सोजरबाई आणि जानराव बाहेर बाकावर. दोन तासांनी पारशी सिस्टर घाईने बाहेर आली.

"बोलणं बंद झालं. डॉक्टरसाहेब थांबलेत. गाठ थोडी उरली आहे, पण आता टाके घालून बंद करतील."

जानरावने डोके धरले. "माय, तिची वाचा गेली वं."

सोजरबाई मात्र उठून उभी राहिली. "बाई, तुमी तिले काय इचारलं?"

"गावाचं नाव विचारलं, सांगितलं. बोटं मोजली. बैलाचं नाव सांगितलं. मग नवऱ्याचं नाव विचारलं. तीन वेळा. ओठ घट्ट मिटून पडली आहे."

सोजरबाईला हसू आवरेना. "अवं बाई, नवऱ्याचं नाव घेतलं तं त्याचं आयुष्य कमी होते. ते आजच्या दिवशी घेईन काय? तिले मना, सासूनं उखाना घ्याले सांगतला. उखान्यात चालते."

सिस्टर आत धावली. दार अर्धे उघडे राहिले. जानराव बाकाची कड धरून बसला होता. मग आतून बारीक, पण खणखणीत आवाज आला:

"आगगाडी थांबली जऊळक्याच्या नाक्याले,
जानरावचं नाव घेते, डागदर, लागा टाक्याले."

सिस्टरने अर्थ सांगितल्यावर सर्जन हसले, असे ती नंतर म्हणाली. टाक्यांना मात्र ते लगेच लागले नाहीत. उरलेली गाठ काढली, मगच लागले.

"आता इतक्या लोकाईत माह्यं नाव झालं," जानराव डोळे पुसत म्हणाला.

"मंग काय झालं? तुह्यं आयुष्य आता माह्यासारखं लांबन," सोजरबाई म्हणाली.

केस उतरवलेल्या डोक्याने पंचफुला गावात जायला लाजत होती. बाया भलतेच समजतील, विधवा म्हणतील, ही तिची धास्ती. सिस्टरने पदरचे पैसे घालून तिला हिरवा रुमाल आणून दिला. तो बांधून, ठसठशीत कुंकू लावून ती जऊळक्याला उतरली.

१५ एप्रिलला तिला मुलगी झाली. बारशाला बायांनी तोच उखाणा तिच्याकडून चार वेळा घेववला. पंचफुलाने तव्यावर भाकऱ्याही टाकल्या, एकही निखाऱ्यात गेली नाही.

रुमालाच्या पैशांची मनीऑर्डर सोजरबाईने मे महिन्यात केली. सिस्टर दुसऱ्या गावी गेल्याचा शेरा घेऊन मनीऑर्डर परत आली. एक रुपया दोन आणे देणे बाकी आहे.