नातीची अर्धी गोळी

२०२३ साल. मी एक्काहत्तरचा. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच; पुढं सगळी हयात चाकणच्या बाजारात मापाडी म्हणून कांदा तोलण्यात गेली. माझ्या काट्याकडं कुणी बोट दाखवलं नाही, हे मी आजही छाती काढून सांगतो.

त्या वर्षी नातीला रक्ताचा कॅन्सर निघाला. सहा वर्षांची पोर. दवाखान्यातली इंजेक्शनं उरकली आणि घरी रोजची गोळी सुरू झाली. थोड्याच दिवसांत तोंडात फोड, अंगात ताप, पांढऱ्या पेशी तळाला. पुन्हा भरती. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त कसल्याशा वेगळ्या तपासणीला पाठवलं. निकाल आल्यावर आम्हाला बसवून सांगितलं, की ही गोळी पचवायची ताकद पोरीत जन्मतःच कमी आहे, आईबापाकडूनच तसं येतं. औषध अंगात साठतं. बाकीच्या पोरांना एक, तर हिला अर्धीच पुरेपूर.

मला पटलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या पोराला तोच आजार, त्याला आख्खी. मी तिथंच म्हणालो, "अर्ध्या मापानं कधी पोतं भरलंय का?" चऱ्होलीला घरी आल्यावरही माझं तेच टुमणं.

पण माझं तोंड वेगळं आणि हात वेगळा. मुलगा आणि सून दोघंही कंपनीत, म्हणून संध्याकाळची गोळी माझ्याकडं आली. सून गोळ्या अर्ध्या करून डबीत ठेवायची. मी हात धुऊन एक अर्धी नातीच्या जिभेवर ठेवायचो. एकदाही जास्त दिली नाही.

असे काही महिने गेले. एका संध्याकाळी नात म्हणाली, "आबा, तुमची गोड असती. आई झोपेतनं उठवून देती ती कडू."

मी डबीतली एक जिभेला लावली. संत्र्याची चव. साधी ताकदीची गोळी. खरी कशी दिसते ते मी कुठं पाहिलं होतं?

जेवायला बसल्यावर दोघांना विचारलं. मुलगा ताटात बघत राहिला. सून म्हणाली, "तुमीच म्हणत होता ना आबा, अर्धीनं काय होतंय. हट्टानं आख्खी दिली असती तर? पोरगी हाती लागली नसती."

"मग देऊ नका म्हणायचं. हे नाटक कशाला?"

"तुम्ही ऐकलं असतं?" मुलगा पहिल्यांदाच बोलला.

मी ताटावरून उठलो. लहान पोराच्या हातात खेळण्यातला तराजू द्यावा, तसं मला बसवलं होतं माझ्याच घरात. आणि माझ्यापायी ती आजारी पोर रोज झोपेतून उठत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून कंपनीच्या बसला निघाली, तेव्हा मी दारात उभा राहिलो. गोड गोळ्यांची डबी तिच्या हातात ठेवली आणि म्हणालो, "पोरीला झोपेतनं उठवू नको. आजची खरी माझ्याकडं दे."

खऱ्या गोळ्या त्यातच असाव्यात, तिनं पर्स घट्ट धरली. कोपऱ्यावर बसनं हॉर्न दिला, पुन्हा दिला, आणि बस गेली. सूनबाईनं चपला काढल्या, गोड डबी ओट्यावर ठेवली आणि पर्स तशीच छातीशी धरून आत गेली. मी बाहेरच बसलो.