काशीरामकाकांची खास बाटली

मुलुंड पूर्वेला नवघर रोडवर काशीरामकाका परबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, आत चार सायकली आणि जागा उरली नाही म्हणून बाहेर काका. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी हातात पाना घेतला, आणि तेव्हापासून त्यांचा एकच डंका: "माझ्या हातची सायकल परत येणा नाय." हे खोटं नाही. तक्रार घेऊन आलेल्या माणसाशी काका असे भांडतात की पुढच्या वेळी तो बिचारा पूल ओलांडून ऐरोलीला जातो.

त्यांचा मुलगा निलेश म्हणतो, बाबा, वय झालं, आता शटर ओढा आणि घरी बसा. काकांनी त्याला शब्द देऊन ठेवलाय: ज्या दिवशी एक सायकल परत येईल, त्या दिवशी ओढतो. निलेश रोज दुपारी डबा घेऊन येतो आणि आशेने सगळ्या सायकलींवरून नजर फिरवतो.

माझी सायकल गिअरची. गुडघ्यांसाठी घेतली आणि दोन वर्षं गॅलरीत कपडे वाळत घालायला वापरली. नोव्हेंबरात मला पुन्हा हुक्की आली, तर हँडलवरचा गिअरचा खटका जागचा हलेना. काकांनी तो उघडला. आतलं ग्रीस वाळून चिक्कीसारखं झालं होतं. त्यांनी ते रॉकेलने धुऊन काढलं, खटका शंभर वेळा तरी दाबला, आणि मग विचारलं, "गाव खंयचा तुझा?"

मी माझ्या वडिलांचं गाव सांगितलं. ते निघालं काकांच्या गावापासून दोन कोसांवर. झालं! शिलाई मशीनच्या तेलाची बुधली बाजूला सरली आणि गणपतीच्या तसबिरीमागून एक छोटी बाटली निघाली. गावच्या घाण्याचं खोबरेल. "ह्या सगळ्यांका नाय घालणंय," काका म्हणाले आणि चार थेंब खटक्यात सोडले. मला उगीचच कॉलर ताठ झाल्यासारखं वाटलं.

डिसेंबर संपता संपता खटका पुन्हा घट्ट झाला. तोही फक्त पहाटे, मी शिकवायला शाळेत निघायच्या वेळी. दुपारी शाळा सुटल्यावर दुकानात न्यावी तर लोण्यासारखा हलतो. काकांनी एका बोटाने गिअर टाकून दाखवले आणि माझा हात हातात घेऊन निदान केलं, "तुझ्या आंगठ्यात जोर नाय गो. बॉल दाबूक लाग." तिथेच मला पोस्टातून निवृत्त झालेले श्यामसुंदर भेटले. तेही काकांच्या गावचे. त्यांच्या खटक्यातही खास बाटलीतले चार थेंब होते आणि हातात रबरी बॉल. महिनाभर दाबत होते.

तिसऱ्या खेपेला माझं डोकं फिरलं. "काका, उद्या सकाळी सहाला घरी या आणि तुम्हीच दाबून बघा," मी म्हटलं.

ते आले, मफलर गुंडाळून. गॅलरीत त्यांनी खटका एका अंगठ्याने दाबला. मग दोन अंगठ्यांनी. मग सायकल मांडीशी धरून दाबला. खटका ढिम्म. त्यांनी मफलर सोडला आणि वाकून पुन्हा दाबला, आणि मला जिंकल्याचा आनंद काही झाला नाही.

मी वेणीच्या गडबडीत होते. हातात तेलाची बाटली, उलटी करून आपटत होते.

"ह्या काय?" काकांनी विचारलं.

"खोबरेल. थंडीने गोठलंय. उन्हात ठेवलं की होईल पातळ..."

पुढचं वाक्य मला बोलावं लागलं नाही. आम्ही दोघांनीही एकदमच खटक्याकडे पाहिलं. कोकणात जन्मलेल्या माणसाला थंडीत खोबरेल गोठतं हे मी काय शिकवणार?

काकांनी सायकल जिन्याकडे वळवली. मला काही राहवलं नाही. "म्हणजे सायकल परत आलीच की काका!"

"सायकल खंय इली?" ते न वळता म्हणाले. "मी इलंय न्हेवक."

दुपारी मी दुकानात गेले तेव्हा माझा खटका धुऊन झाला होता. काकांनी त्यात मशीनचं तेल सोडलं, सगळ्या गिऱ्हाइकांना सोडतात तेच, आणि मला वेड्यासारखं वाईट वाटलं. शेजारी श्यामसुंदरांची सायकल उभी होती. तीही काका स्वतः जाऊन घेऊन आले होते. श्यामसुंदर सवयीने बॉल दाबत बसले होते.

तेवढ्यात निलेश डबा घेऊन आला. त्याची नजर माझ्या सायकलवर थांबली. "मावशी, ही परत आली ना?"

काकांच्या हातातला पाना थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या डोळ्यांत भांडण नव्हतं.

"छे रे," मी म्हटलं. "सायकलला काय धाड भरलीय? माझाच अंगठा लेचापेचा. काकांनी व्यायाम सांगितला, आता बरा आहे."

"माझाही," श्यामसुंदर बॉल वर करून म्हणाले.

निलेश डबा ठेवून निघून गेला. काकांनी खाली मान घालून एक नट आवळला. मग म्हणाले, "बघू आंगठो."

मी हात पुढे केला. त्यांनी तो उजेडाकडे धरून गंभीरपणे दाबून पाहिला.

"अजून म्हयनोभर बॉल दाबूक व्हयो," ते म्हणाले.