कंट्रोलरचाचांची इटली

कंट्रोलरचाचांचा जगातल्या कुठल्याच टाइमटेबलावर विश्वास नव्हता, आणि आमच्या भागातली निम्मी टाइमटेबलं त्यांनी स्वतःच लिहिलेली होती. वडूजच्या स्टँडवरच्या खिडकीत बसून त्यांनी उभा जन्म एसटीच्या गाड्या सोडल्या. आवाज असा, की त्यांनी वडुजात 'दहिवडी, दहिवडी' पुकारलं की दहिवडीतली माणसं पिशव्या उचलायची. आता चाचा नाहीत. पण मी सांगलीत मास्तर, तिथून मला कुठं जायचं झालं की ते अजून कानाशी येऊन दरडावतात, "पोचायचं कवा त्येवढं बोल. निघायचं मी सांगतो."

त्यांचा सगळा हिशेब असा शेवटाकडून मागं यायचा. रिटायर झाल्यावर पंचक्रोशीतल्या लग्नाच्या वऱ्हाडापासून काशीयात्रेपर्यंत सगळे बेत त्यांच्या ओट्यावर ठरायचे. माणूस यादी घेऊन यायचा आणि चाचा पेन्सिलीनं कापत सुटायचे. एकदा एकानं चारधामाची यादी आणली. परत जाताना त्याच्या हातात दीड धाम उरलं होतं. "गाडी कागदावर पळती, माणूस न्हाई," असं म्हणून त्यांनी त्याला चहा पाजला. पुढं दीड धाम धडधाकट करून आलेला तो मनुष्य चाचांच्या पाया पडला, आणि चारही धाम करायला गेलेला त्याचा मेहुणा महिनाभर अंथरुणात होता.

पण त्यांच्या पेन्सिलीचा खरा कस लागला तो माझ्या आत्याच्या इटलीला.

आत्या वडुजातच, चाचांच्या पलीकडच्या गल्लीत राहते. वय ब्याऐंशी, आणि गुडघे तिच्याहून दहा वर्षांनी मोठे. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, दुसऱ्या महायुद्धात इटलीत कामी आले. ते बोटीत चढले तेव्हा आत्या आईच्या पोटात होती. तिथं डोंगरावरच्या एका गावाबाहेर लढाईत गेलेल्यांची दफनभूमी आहे. दहन झालेल्या आपल्या शिपायांची नावं तिथं एका दगडावर कोरली आहेत. त्यात त्यांचं नाव. हत्यारानं गेलेल्याचं श्राद्ध पितृपक्षातल्या चतुर्दशीला करतात, ते माझे वडील करायचे. वडील गेल्यावर आत्यानं एके दिवशी जाहीर केलं, "मला एकदा त्या दगडापाशी पाणी सोडायचंय. चतुर्दशीलाच. आन् माझ्याच हातानं."

माझी मुलगी मधुरा उत्साहानं पेटली. तिनं आठ दिवसांत नऊ शहरांचा बेत आखला आणि तो घेऊन आम्ही चाचांच्या ओट्यावर गेलो. चाचांनी पेन्सिलीला टोक केलं. मिलान गेलं. फ्लोरेन्स गेलं. पिसाचा मनोरा आठशे वर्षांत पडला नव्हता, तो चाचांनी एका रेघेत पाडला.

"चाचा, व्हेनिस तरी ठेवा! ते पाण्यात आहे!" मधुरा कळवळली.

"मंग ऱ्हाऊ दे की पाण्यात. आक्काच्या गुडघ्याला झेपंल त्येवढीच इटली."

उरलं ते असं: रोमला तीन रात्री, त्यातला पहिला दिवस नुसता झोपायला. मग रेल्वेनं पूर्वेचा किनारा. तिथं दोन रात्री, तिथून बसनं डोंगरावर. हंगामाबद्दल मात्र त्यांची तक्रार नव्हती. "ऑगस्टात तिकडं आपल्यागत भाजतंय, आन् पुढं पाऊस. पितर बराबर हंगाम बघून येत्यात," ते म्हणाले.

तिथीच्या बाबतीत तर चाचांना कुणी शिकवायची सोय नव्हती. यात्रेच्या जादा गाड्या तिथीवरच सुटायच्या. पंचांग कोळून प्यायलेला असा दुसरा मुसलमान पाच तालुक्यांत नव्हता, आणि बामणसुद्धा दोनच होते. त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. चतुर्दशी त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला सुटत होती. डोंगरावर जाणारी बस दुपारी दोनची, पोचणार तीन दहाला. "दोन तास वीस मिन्टं हातात," असं लिहून त्यांनी खाली दुहेरी रेघ मारली आणि मग हळू आवाजात मला म्हणाले, "चूक व्हायला नगं रं. परत जायाला आक्काकडं दुसरं गुडघं न्हाईत."

रोमपर्यंत सगळं पेन्सिलीबरहुकूम झालं. किनाऱ्यावरच्या गावात पोचलो, जेवलो आणि दुसऱ्या दिवसाच्या दगडाची वाट बघत बसलो. तेवढ्यात चाचांचा फोन आला. संध्याकाळची मगरिबची नमाज झाली की ते रोज फोन करायचे.

आत्यानं स्पीकरवर घेतला. "बरी हाय कंट्रोलर. पर ऊन कसलं म्हणायचं हे! डोळं दिपल्यात."

 

"ऊन?" चाचांचा आवाज आला. "हितं दिवस बुडाला की, आक्का."

पलीकडं कॅलेंडर फडफडलं. मग हजार गाड्या सोडलेला तो आवाज चिरकला. "मास्तराला फोन द्या! आदी द्या!"

मी फोन घेतला. "गड्या, पंचांग आपलं हाय! चंद्र सगळ्यास्नी येकच, घड्याळं दोन! हितं साडेपाचला चतुर्दशी सुटंल तवा तुमच्याकडं दोनच वाजलं असत्याल. तुमची गाडी स्टँडवरनं हलायच्या आदी तिथी खलास!"

माझ्या अंगातलं रक्त इटलीतल्या इटलीत गोठलं. सकाळची बस टाइमटेबलात नव्हती. गावात टॅक्सी एकच, आणि तिचा मालक बहिणीच्या लग्नाला गेलेला. आत्या कागदाच्या पुडीतले काळे तीळ मुठीत धरून माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला सांगावं लागलं. ती रडली नाही. पुडी उघडून तीळ बघितले आणि पुन्हा बांधली. त्यापेक्षा रडली असती तर बरं झालं असतं.

दहाव्या मिनिटाला पुन्हा फोन. आता खिडकीतले चाचा बोलत होते. "पोरीला इचार, तितली शाळा उघडली का?"

मधुरानं हॉटेलातल्या बाईंना विचारलं. सोमवारीच उघडली होती.

"वरच्या गावात मोठी शाळा हाय?"

नव्हती. पोरं खाली इथंच यायची.

"मंग झालं! पोरं आणायला गाडी रिकामी वर जाणार. रिकामी फेरी टाइमटेबलात कुणीच लिवत न्हाई, मी बी लिवली न्हाई. पोरं साताला निघत असतील, तर गाडी साडेपाचला स्टँड सोडंल. तुमी पाचला उभं ऱ्हावा."

"आणि थांबलीच नाही तर?"

"ती ड्रायव्हरची मर्जी. ततं माझी शिट्टी चालत न्हाई रं."

पहाटे पाचला आम्ही तिघं थांब्यावर. आत्याला खुर्ची नव्हती. माझ्या खांद्यावर भार टाकून ती उभी. साडेपाच झाले. पाच चाळीस झाले. तिकडच्या सव्वानऊच्या उन्हात चाचा वडूजच्या स्टँडवर फोन कानाला लावून उभे होते. मागं कराड गाडीची घरघर मला इटलीत ऐकू येत होती. "दिसली का? दिवा दिसला का?" एवढंच ते विचारत होते.

पाच सत्तेचाळीसला वळणावर दिवे दिसले. गाडी रिकामी होती आणि वेग जराही कमी करत नव्हती. मी हात हलवले, मधुरा ओरडली. आत्यानं माझ्या खांद्यावरचा हात काढला, दोन पावलं पुढं रस्त्यात जाऊन उभी राहिली आणि नऊवारीतला उजवा हात आडवा धरला.

ब्रेक असा लागला की समुद्र मागं सरला असावा.

ड्रायव्हर खाली उतरून हातवारे करत भांडू लागला. मधुरा मोबाइलवर भाषांतर शोधत होती, पण आत्याला भाषांतराची गरज वाटली नाही. तिनं डोंगराकडं बोट केलं, मग छातीवर हात ठेवला. "बाप हाय माझा वर," ती म्हणाली. "लय उशीर केला मी."

ड्रायव्हर तिच्या हातातल्या पुडीकडं, तिच्या गुडघ्यांकडं बघत राहिला. मग त्यानं तिच्या काखेत हात घालून तिला पायऱ्या चढवल्या आणि स्वतःच्या मागच्या सीटवर बसवलं.  डोंगरावर त्यानं गाडी थांब्यावर नाही, थेट दफनभूमीच्या फाटकापाशी उभी केली.

नाव मधुराला सापडलं. इंग्रजी अक्षरं, आत्याला वाचता येईनात. मधुरानं तिचं बोट धरून एकेक अक्षरावरून फिरवलं. आत्यानं तीळ ओंजळीत घेतले, पाणी सोडलं. सगळं मिळून दहा मिनिटं. तेव्हा सकाळचे साडेआठही वाजले नव्हते.

तिनंच फोन मागितला. "कंट्रोलर, पोचलं पाणी."

  चाचा म्हणाले, "आक्का, परतीची गाडी तिनाच्या फुडं हाय. चतुर्दशी दोनपातूर. आता उठू नगा. बसा त्यांच्याजवळ."

आत्या दगडाला टेकून बसली. बापाला पहिल्यांदाच भेटलेली मुलगी काय बोलते, ते ऐकू नये म्हणून मी आणि मधुरा फाटकापाशी येऊन उभे राहिलो.