हंसाच्या तीन खुणा

आधी चष्मा पुसायचा. मग दुर्बीण पुसायची. मग दुर्बिणीतून एकदा पाहून, शंका आल्यासारखा चेहरा करून, परत चष्मा पुसायचा. एवढं होईपर्यंत पक्षी उडून गेलेला असायचा, आणि काका रुमालाची घडी घालत म्हणायचे, "लिहू नको वं. अजून पक्कं नाही."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कुलूप लावून तीनदा ओढून पाहणारी, गॅस बंद केला का म्हणून अर्ध्या वाटेवरून परतणारी. पण ती आपापल्या गावात असतात. आमचे काका होते येलोनाईफमध्ये. म्हणजे कॅनडाच्या नकाशात इतकं वर, की बोट ठेवल्यावर माझ्या आईने विचारलं होतं, "तिथे माणसं राहतात का गं?" राहतात. मी राहते. पुण्याहून दक्षिण कॅनडातलं किचनर, किचनरहून इथे, सरकारी ऑफिसातलं सॉफ्टवेअर सांभाळायला. एका वर्षासाठी आले होते, पाच झाली.

काका मला पहिल्यांदा ग्रोसरीत भेटले. भाजीच्या काट्यावर लोण्याची वडी ठेवून एक गृहस्थ वाकून काट्याकडे बघत होते. मी मागे कोबी धरून उभी. पाच मिनिटं झाली. इथे मराठी कोणाला कळतंय म्हणून मी मोठ्याने पुटपुटले, "हा बाबा आता मुहूर्त बघतोय की काय!"

गृहस्थ वळले. "मुहूर्त नाही. काटा पाहून राह्यलो. लोणी एक पाउंड, आन काटा जास्त दाखवते. तुझा कोबी आत्ता नको मोजू."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. काका मात्र मॅनेजरला बोलवायला गेले होते.

काका मूळचे अकोल्याकडचे. तिकडे वजन-मापे खात्यात निरीक्षक. बाजारात फिरायचं, दुकानदारांची वजनं तपासायची, बरोबर निघाली तर त्यावर आपला शिक्का ठोकायचा. प्रत्येक निरीक्षकाच्या शिक्क्यावर त्याचा आकडा असतो. काकांचा सत्तेचाळीस. काकूंना इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी मिळाली आणि काका सरकारी नोकरी सोडून त्यांच्यामागे आले. विमानतळावर कार्गोच्या खोक्यांचं वजन करू लागले. पण शिक्का हातातून गेला होता, आणि शिक्क्याशिवाय हा माणूस रिकामा राहणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी पक्षी तपासायला घेतले.

पक्षी तपासायची त्यांची पद्धत खात्याचीच. तीन खुणा जुळल्या पाहिजेत. जुळल्या की वहीत पक्ष्याचं नाव, आणि नावापुढे पेनाने छोटं वर्तुळ काढून त्यात ४७. दोन खुणा जुळल्या तर नुसतं नाव. एकच जुळली तर "काहीतरी होतं" असं लिहायचे. त्यांच्या वहीत अख्खी पानं "काहीतरी होतं" अशी आहेत.

मी एकदा काकूंना म्हटलं, "तुम्ही कसं हो निभावलंत?"

"अवं, मला पाह्यला तीनदा आले होते," काकू म्हणाल्या. "पहिल्यांदा पाहून गेले, दुसऱ्यांदा बोलून गेले, तिसऱ्यांदा आले तेव्हा मीच म्हटलं, आता काय तराजूत घालून पाहता का?"

काका शांतपणे म्हणाले, "तिसऱ्यांदा आवाज ऐकला ना. तेव्हाच पक्कं झालं."

आता वसंताबद्दल सांगते. आमच्याकडे वसंत म्हणजे फुलं-बिलं नाहीत. एप्रिल संपला तरी तलाव पांढराफेक, आणि मी तेव्हाही फावड्याने ड्राइव्ह-वेवरचं बर्फ काढत असते. पण नदी जिथे तलावाला मिळते तिथे प्रवाहामुळे बर्फ लवकर फुटतं आणि काळ्या पाण्याचा एक तुकडा उघडा पडतो. दक्षिणेकडून येणारे सगळे पक्षी त्या तुकड्यावर उतरतात, कारण दुसरीकडे उतरायला जागाच नसते. तिथल्या पुलावर काका स्नो पँट, माकडटोपी आणि वर काकूंची शाल अशा अवतारात उभे राहायचे. शेजारी थर्मासात आल्याचा चहा, खिशात फुटाणे. सुट्टीच्या सकाळी मी जायचे. पहिल्यांदा चहासाठी गेले, खोटं कशाला बोलू.

एकदा त्यांना लांब टोकदार शेपटीची बदकं दिसली आणि हा गंभीर माणूस लहान मुलासारखा हरखला. "तलवार बदक! अवं, हे थंडीत आमच्या तिकडच्या तलावावर पाहुणे यायचे. आता पाहा, आपण यांच्या घरी पाहुणे!" त्या दिवशी त्यांनी मला चार वेळा चहा दिला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन. आवाज पडलेला. "पुस्तकात पाह्यलं. इथले तलवार बदक तिकडे मेक्सिकोकडे जातात. आपल्याकडे येणारे वेगळे, सायबेरियाचे."

"मग काय झालं काका?"

"पाहुणे म्हटलं होतं मी. सख्खे नाहीत. चुलत आहेत. तुले चुकीचं सांगितलं म्हणून फोन केला."

मी मीटिंगमध्ये होते. म्युट करायला विसरले आणि सगळ्या टीमसमोर हसत सुटले.

एवढ्या सगळ्यात काकांना हवी असलेली गोष्ट एकच होती. आमच्या वाचनालयाच्या दारात एक पांढरा फळा आहे. वसंतात त्यावर पक्ष्यांची यादी लागते आणि ज्याला जो पक्षी सर्वांत आधी दिसला त्याचं नाव त्यापुढे लिहितात. बक्षीस वगैरे काही नाही. यादीत पहिला टुंड्रा हंस. अकरा वसंत काका पुलावर उभे राहिले, त्यातले निदान सात वेळा हंस त्यांनाच आधी दिसला, आणि फळ्यावर नाव एकदाही नाही. कारण काका तिसरी खूण जुळवत असेपर्यंत डग पोचलेला असायचा.

डग म्हणजे बर्फ काढायच्या ट्रकचा ड्रायव्हर. पुलावरून जाताना काच खाली करायचा, एक नजर टाकायचा, "येप, स्वान," म्हणायचा आणि थेट वाचनालयात. तीन खुणा नाहीत, दुर्बीण नाही, ट्रकचं इंजिनसुद्धा बंद नाही.

"काका, इथे येणारे सगळे टुंड्राच असतात हो," मी वैतागून म्हणायचे. "लिहून टाका ना!"

"सगळे नसतात. एखादा ट्रम्पेटर हंस निघते. दिसायला सारखाच." मग बोटांवर मोजून खुणा सांगायचे. डोळ्यापुढे पिवळा ठिपका. कपाळावर चोच संपते तिथली रेघ गोल, टोकदार नाही. आणि आवाज. टुंड्राचा बारीक, ट्रम्पेटरचा जुन्या मोटारीच्या भोंप्यासारखा. "बाजारातली शंभर वजनं बरोबर निघाली म्हणून एकशेएकाव्यावर न पाहता शिक्का मारायचा का?"

 माझ्याकडे तर दहावं वजन तपासायचाही धीर नाही.

गेल्या वर्षी काकू निवृत्त झाल्या. मुलगी किचनरला, तिला बाळ झालेलं. जूनमध्ये दोघं कायमचे तिकडे जाणार असं ठरलं. तेव्हा काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढून सांगितलं, "हिवाळ्यात फळा रिकामा असते ना, तेव्हाही हे तिथे जाऊन उभे राहतात. एकदा तरी तिथं नाव लागावं म्हणतात. मी सांगितलं म्हणून सांगू नको."

झालं. मी कंबर कसली. आपल्याला सॉफ्टवेअर येतं, तर एक हंस काय!

मेच्या पहिल्या रविवारी सकाळी काळ्या पाण्यावर दोन पांढरे ठिपके दिसले. काकांनी चष्मा पुसला. दुर्बीण लावली. पिवळा ठिपका जुळला. रेघ जुळली. राहिला आवाज. आणि ते हंस मेले तोंड उघडेनात! अर्धा तास झाला. तास झाला. मी काठावर येऊन "बोला ना रे बाबांनो," म्हणून मराठीत विनवण्या केल्या. पुलाकडे ट्रक येताना दिसला की डगचा तर नाही ना म्हणून मी मान उंचावून बघायचे.

शेवटी "वॉशरूमला जाऊन येते" अशी थाप मारून मी गाडी काढली, रविवारच्या रिकाम्या रस्त्यावरून वाचनालय गाठलं आणि टुंड्रा हंसापुढे काकांचं नाव ठळक अक्षरात लिहिलं. परत आले तेव्हा हंस उडाले होते. मुके ते मुकेच गेले.

"दोन खुणा," काका म्हणाले. "दोन म्हणजे दोन." आणि मग, "जाता जाता वाचनालयात थांबू. पुस्तक परत करायचं आहे."

आता पळणार कुठे? काका दारात फळ्यासमोर थांबले. नाव वाचलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद आला की मला वाटलं, जिंकलो. मग त्यांनी तोच रुमाल घेऊन ते नाव पुसलं. नीट, एकेक अक्षर करून.

गाडीत बसल्यावर काकांनी सीटबेल्ट दोनदा ओढून पाहिला. मग म्हणाले. "नोकरीच्या पहिल्या वर्षी एकदा न तपासता शिक्का मारला होता मी. साहेब म्हणाले, मार, उशीर होऊन राह्यला. ते वजन कमी भरत होतं. एक बाई वर्षभर त्याच्यावर भाजी विकत होती. लोकांनी भर बाजारात चोर म्हटलं तिले. तिनं माझा शिक्का दाखवला, म्हणे, पाहा, सरकारनं तपासलं आहे." ते थांबले. "चूक माझी, आन चोर ती."

मला रडू आलं. मी म्हटलं, "काका, चुकलं माझं." ते म्हणाले, "सिग्नल हिरवा झाला."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर डगचं नाव होतं. काकांनी जाऊन त्याचा हात हातात घेतला. "काँग्रॅच्युलेशन्स. डिड यू हिअर इट?"

"हिअर व्हॉट?" डग म्हणाला.

दोन दिवस माझा त्यांना फोन करायचा धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी काकूंच्या हातचा गोळाभात डब्यातून आला, डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर काकांचं अक्षर, "तेल वरून घेणे." म्हणजे राग गेला होता. जूनमध्ये मीच त्यांना विमानतळावर सोडलं. तिथेही त्यांनी आधी बॅगा ठेवायचा काटा तपासला.

किचनरहून दर रविवारी फोन यायचा. "इथं कॅनडा गूज पार्किंगमध्ये हिंडतात. सगळे पक्के. ओळखाले काही नाहीच. नुसतं मोजून राह्यलो." नात चालायला लागल्याचंही त्यांनी मला तीन आठवडे उशिरा सांगितलं. आधी पक्कं नव्हतं म्हणे.

यंदा मेमध्ये पुलावर मी एकटी. माकडटोपी माझी, चहा माझा, आणि तो माझा काही आल्याचा नीट होत नाही. समोर पाण्यावर एक पांढरा ठिपका. मी चष्मा पुसला, आणि पुसताना माझं मलाच हसू आलं. पिवळा ठिपका दिसला. रेघ गोल. आणि मी, पाच वर्षं ज्या माणसाला "लिहून टाका ना" म्हणत आले ती मी, फोन काढून किचनरला लावला.

"काका, दोन खुणा जुळल्या. व्हिडिओ लावू?"

"नको. फोनात दिसला म्हणजे पाह्यला असं होत नाही. ऐकव."

मी फोन कठड्याच्या बाहेर धरून उभी राहिले. बोटं गोठली. पंधरा मिनिटं तो माणूस तिकडून एक शब्द बोलला नाही, मीही नाही. फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा पाहिलं. मग हंसाने मान वर केली आणि ओरडला. बारीक, उंच, पाण्यावरून सरळ आमच्याकडे. पुन्हा एकदा ओरडला.

मी फोन कानाला लावला. मग काका म्हणाले, "पक्का."

मी दाखवलेल्या पक्ष्याला हा शब्द त्यांनी पाच वर्षांत पहिल्यांदाच लावला.

"काका, तुमचं नाव लिहिते. तुम्हीच ओळखलात."

"अजिबात नाही. तू पाह्यला. तुझं नाव लिही."

"मग शिक्का? तपासला तर तुम्हीच ना?"

 मागे बाळ रडत होतं. "हाव," काका शेवटी म्हणाले. "तपासला मीच. शिक्का चालेल. गोल नीट काढजो."

मी गाडी पळवली. फळ्यावर टुंड्रा हंसापुढे माझं नाव लिहिलं, आणि त्याच्यापुढे वर्तुळ काढून आत ४७. गोठलेल्या बोटांनी वर्तुळ कसं येणार? बटाट्यासारखं आलं. तेवढ्यात डग आत शिरला, फळ्याकडे बघून थबकला.

"व्हॉट्स दॅट?"

मी म्हटलं, ते पुलावर शाल पांघरून उभे राहायचे ना, त्यांचा शिक्का. त्यांनी हंस तपासला.

डगने आपली टोपी काढली, डोकं खाजवलं. "टुक हिम लाँग इनफ," म्हणाला, आणि पुढच्या ओळीतलं बदक लिहायला हातात घेतलेलं मार्कर त्याने परत ठेवलं. म्हणाला, जाऊन नीट बघून येतो.

मी फळ्याचा फोटो पाठवला. काकांचं उत्तर दोन मिनिटांत आलं, "गोल वाकडा आहे." बस, एवढंच. मी म्हटलं, जाऊ दे, तो माणूसच तसा.

संध्याकाळी काकूंचा मेसेज आला. "काय पाठवलंस गं ह्यांना? दुपारपासून फोन समोर घेऊन बसलेत, आन चष्माच पुसून राह्यले."