नाला ओलांडणारी गाडी

नव्या टायरचा वास आला की मला मुकुटबनकडचा एक नाला आठवतो. पावसाळ्यात तिथल्या चिखलात माझ्या पिकअपचं पोट टेकायचं, म्हणून माझ्या मेकॅनिक मित्रानं आणि मी मिळून ती उंच केली. मागच्या स्प्रिंगखाली लोखंडी ठोकळे बसवले, मोठे टायर चढवले. "जोर मागच्याच चाकायले हाय, पण पाह्य, आता फसत नाही," ग्रीसचे हात पुसत तो म्हणाला. खरंच, त्या पावसाळ्यात पलीकडच्या गावांचा भाजीपाला बाजारात माझीच गाडी आणायची. मग एका सकाळी आरटीओच्या तपासणीच्या साहेबानं मला अडवलं आणि इकडेतिकडे न बघता, सरळ वाकून त्या ठोकळ्यांवर हात ठेवला. ते फक्त आम्हा दोघांनाच माहीत होते. परवानगीशिवाय असा बदल बेकायदा, म्हणून गाडी जमा झाली. बाजाराच्या दिवशी मी पायीच नाला ओलांडला, तर मित्र स्वतःची तशीच उंच केलेली पिकअप लावून माझ्याच लोकांची पोती भरत होता. "काहून केलं बे असं?" मी विचारलं. "माह्या जागी तू असता तं हेच केलं असतं," तो पोतं न ठेवताच म्हणाला. त्याच्या गाडीखाली काय आहे, हे मलाही ठाऊक होतं. मी कुणाला सांगितलं नाही. आजही रस्त्यात समोरून आला की तो हॉर्न देतो, आणि माझा हात सवयीनं अर्धा वर जातो.